वाट बांधलेली, तारीख मोकळी

‘राउंड द वर्ल्ड’ नावाच्या विमान तिकिटाबद्दल आपल्याकडच्या हौशी प्रवाशांमध्ये एक मत पक्कं होऊन बसलं आहे. ते असं: हे तिकीट म्हणजे विमान कंपन्यांनी आवळा देऊन कोहळा काढायची केलेली सोय. नाव जगाचं, अटी कैदेच्या. एकाच दिशेनं जा, मागे फिरू नका, अमुक खंडात चारच उड्डाणं, तमुक मैल ओलांडले की वरचा दर. त्यापेक्षा एकेरी तिकिटं काढत सुटावं, मनाला येईल तिथे उतरावं, कंटाळा आला की पुढे निघावं. हल्ली स्वस्त विमान कंपन्या गल्लोगल्ली झाल्या आहेत, मग जुन्या जमान्याचं हे तिकीट हवंच कशाला?

हे मत ऐकायला मोकळंढाकळं वाटतं, म्हणून पसरतंही लवकर. पण ते मांडणाऱ्यांनी नियम अर्धे वाचलेले असतात, आणि उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच कुणाच्या पासपोर्टवर बेतलेला असतो. भारतीय पासपोर्ट खिशात घेऊन जगाला वेढा घालू पाहणाऱ्या माणसासाठी हे नियम जाच नाहीत. बरेचदा ते त्याच्या बाजूनेच उभे असतात. आणि एकेरी तिकिटांचा हा सल्ला मानला तर तो वाटेत अडकण्याची शक्यताच जास्त.

मुळात गैरसमज होतो तो अपेक्षेचा. आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची पास योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि वाटेल त्या गाडीत चढायचं. जगप्रदक्षिणेचं तिकीट म्हणजे याचीच विमानातली आवृत्ती असं गृहीत धरून लोक येतात आणि मग फसवल्यासारखे रागावतात. हे तिकीट तसं कधीच नव्हतं. त्याचा खरा भाऊबंद आपल्या रेल्वेत आहे: चक्राकार प्रवासाचं तिकीट. ज्या स्टेशनावरून निघायचं तिथेच परत यायचं, मार्ग आधी लिहून द्यायचा, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. बदल्यात भाडं तुकड्या-तुकड्यानं न लागता लांब पल्ल्याच्या उतरत्या दरानं लागतं. चारधाम किंवा दक्षिणयात्रा करणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांनी हे तिकीट वापरलं आहे. रेल्वेनं आम्हाला आठच ठिकाणी उतरू दिलं म्हणून त्यांनी कधी बोंब मारल्याचं ऐकिवात नाही. मार्ग आधी सांगितला म्हणून दर कमी लागला, हे त्यांना न शिकवता समजत होतं. विमानाच्या तिकिटापाशी आल्यावर मात्र तीच समजूत कुठे जाते कोण जाणे.

आता प्रत्यक्ष नियम. अशी तिकिटं मुख्यतः दोन आघाड्या विकतात. १९९७ साली स्थापन झालेली स्टार अलायन्स, जिच्यात २०१४ पासून एअर इंडियाही आहे. आणि १९९९ ची वनवर्ल्ड, जिच्यात ब्रिटिश एअरवेज, कॅथे पॅसिफिक, क्वांटास, जपान एअरलाइन्स, कतार वगैरे मंडळी आहेत. (आघाडी सोडून जाण्याची प्रथा इथेही आहे: दक्षिण अमेरिकेची लॅटम २०२० मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली, तर स्कँडिनेव्हियाची एसएएस २०२४ मध्ये स्टार सोडून स्कायटीममध्ये गेली. महाराष्ट्राला याचं नवल वाटू नये.) स्टारचं तिकीट मैलांवर चालतं. २९,०००, ३४,००० आणि ३९,००० मैल अशा पायऱ्या, जास्तीत जास्त पंधरा मुक्काम आणि सोळा उड्डाणं. वनवर्ल्डचं मुख्य तिकीट खंडांवर चालतं. तीनपासून सहापर्यंत किती खंडांना पाय लावणार त्यावर दर, एकंदर सोळा टप्पे, प्रत्येक खंडात चार, उत्तर अमेरिकेत सहा. दोन्हींत अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदा ओलांडावे लागतात, निघाल्या देशात परत यावं लागतं आणि सगळं वर्षाच्या आत आटोपावं लागतं.

यात मनमानी कुठे आहे?

महासागरांची अट घ्या. जगाला वेढा घातला असं केव्हा म्हणायचं, ही अडचण काही विमान कंपन्यांनी उकरून काढलेली नाही. हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एफएआय या आंतरराष्ट्रीय संस्थेलाही ती सोडवावी लागली. तिनं ठरवलं की विक्रमासाठी सगळी रेखावृत्तं ओलांडली पाहिजेत आणि अंतर कर्कवृत्ताच्या लांबीहून, म्हणजे सुमारे ३६,८०० किलोमीटरहून, कमी असता कामा नये. नाहीतर उत्तर ध्रुवाभोवती चार पावलं गोल फिरून कुणीही जगप्रदक्षिणेचा दावा करेल. विमान कंपन्यांनी रेखावृत्तांऐवजी महासागर धरले, एवढाच फरक.

दिशेच्या नियमावर सगळ्यात जास्त राग असतो, आणि नेमका तोच सगळ्यात कमी वाचला जातो. ‘मागे फिरता येत नाही’ हे अर्धसत्य आहे. विमान भाड्यांच्या हिशोबात जगाचे तीन भाग पाडले आहेत. पहिल्यात दोन्ही अमेरिका आणि हवाई बेटं. दुसऱ्यात युरोप, आफ्रिका आणि इराणपर्यंतचा मध्यपूर्वेचा प्रदेश. तिसऱ्यात उरलेला आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकची बेटं. एकाच दिशेनं जाण्याची सक्ती आहे ती एका भागातून दुसऱ्यात जाताना. भागाच्या आत मागे-पुढे करायला चांगली मोकळीक आहे. मुंबई, टोकियो, बँकॉक, सिडनी ही चारही शहरं तिसऱ्या भागात येतात. त्यामुळे टोकियोहून बँकॉकला मागे येऊन पुन्हा सिडनीला जाणारा माणूस नकाशावर वेडावाकडा दिसला तरी नियम मोडत नाही. वनवर्ल्डमध्ये एका खंडात एकदाच येता आणि एकदाच निघता येतं, पण त्याला अपवाद आहेत आणि ते नेमके कामाचे आहेत. उत्तर अमेरिकेतून दक्षिण अमेरिकेत जाऊन परत उत्तरेत येता येतं, युरोपातून आफ्रिकेत जाऊन परत युरोपात येता येतं. ज्यांनी हे वाचलंच नाही तेच ‘आम्हाला केपटाउन सोडावं लागलं’ म्हणून हळहळताना दिसतात.

आणि सक्ती आहे ती का आहे? या तिकिटाचा मैलामागचा दर साध्या तिकिटाहून बराच कमी असतो, बिझनेस क्लासमध्ये तर खूपच कमी. दिशेची अट काढून टाकली तर मुंबई–लंडन–मुंबई–लंडन अशा खेपा करणारा व्यापारी सोळा उड्डाणं घाऊक भावात उचलून घेईल आणि प्रदक्षिणेच्या नावाखाली तीच येरझार चालू राहील. मग कंपनी दर वाढवेल, आणि खरोखर जगाला वेढा घालणाऱ्याला तो वाढीव दर मोजावा लागेल. हा नियम प्रवाशाविरुद्ध वाटतो, पण तो भलत्याच प्रवाशाला दाराबाहेर ठेवण्यासाठी आहे.

आता एका कंपनीऐवजी आघाडी का, आणि आघाडीबाहेरचं विमान का चालत नाही, हा प्रश्न. याचं उत्तर भाड्यात नाही, आकाशाच्या मालकीत आहे. जून १९४७ मध्ये अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीनं जगाभोवतीची पहिली नियमित विमानसेवा सुरू केली. न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघायचं, लंडन, इस्तंबूल, कराची, कोलकाता, बँकॉक, मनिला, टोकियो करत पॅसिफिक ओलांडायचा आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं. तिथे संपलं. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा शेवटचा तुकडा पॅन ॲमला उडता येत नव्हता, कारण अमेरिकी सरकारनं तिला देशांतर्गत मार्गच दिले नव्हते. जगभर फिरणाऱ्या कंपनीचं वर्तुळ स्वतःच्या घरात अपुरं राहिलं. परक्या देशात तर हे आणखी कडक असतं. १९४४ च्या शिकागो करारानं प्रत्येक देशाला हक्क दिला की आपल्या दोन शहरांमधली वाहतूक परक्या कंपनीला नाकारता येईल. क्वांटासचं विमान कित्येक वर्षं सिडनीहून लॉस एंजेलिसला येऊन पुढे न्यूयॉर्कला जायचं. त्या लॉस एंजेलिस–न्यूयॉर्क टप्प्यात जागा रिकाम्या असल्या तरी स्थानिक प्रवासी घ्यायची परवानगी नव्हती. फक्त परदेशातून आलेले किंवा परदेशात निघालेले स्वतःचेच प्रवासी. २०२० मध्ये ती सेवा बंद पडली.

अशा तुकड्या-तुकड्यांच्या आकाशात एकट्या कंपनीला जगाला वेढा घालणं क्वचितच जमतं. अनेक कंपन्यांचे हक्क एकमेकांना जोडून हा वेढा तयार झाला आहे आणि नियम म्हणजे त्या जोडकामाच्या शिवणी आहेत. मुंबईकराला एमिरेट्स आणि इंडिगोची सवय असते. त्या दोन्ही आजघडीला या आघाड्यांत नाहीत, म्हणून तो चिडतो. चिडणं समजू शकतं, पण त्यात लबाडी शोधणं हे अज्ञान आहे.

मैलांच्या बाबतीत तर तक्रारखोरांनी साधं गणितही केलेलं नसतं. विषुववृत्ताचा घेर २४,९०१ मैल आहे. सगळ्यात लहान नेहमीच्या पायरीत २९,००० मैल मिळतात, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत रुंद कमरेहून चार हजार जास्त. आणि विषुववृत्तावरून फिरतो कोण? मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीचा घेर साडेतेवीस हजार मैलांच्या आसपास भरतो. न्यूयॉर्क, माद्रिद आणि बीजिंग ज्या चाळीस अंशांच्या पट्ट्यात आहेत तिथे तो एकोणीस हजारांवर येतो. विमानं त्याहूनही उत्तरेकडून जातात.

मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो, सिंगापूर आणि परत मुंबई, असा साधा वेढा आखा. बेरीज सुमारे २१,४०० मैल होते. साडेसात हजार मैल हातात शिल्लक. टोकियो आणि सिंगापूरच्या मध्ये सिडनी घाला, बेरीज २६,८५० च्या आसपास जाते. तरीही पहिलीच पायरी. म्हणजे चार खंड झाले आणि दर बदललेला नाही. पण सिडनी काढून न्यूयॉर्कनंतर साओ पावलो घातलं आणि ह्यूस्टनमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला आलात, की तीस हजार ओलांडता आणि वरच्या पायरीवर जाता. सिडनी आणि साओ पावलो दोन्ही हवीत म्हणालात तर पस्तीस हजारांच्या पुढे, म्हणजे थेट शेवटच्या पायरीवर. यातून दिसतं काय, तर पूर्व-पश्चिम फिरणं स्वस्त आहे आणि दक्षिणेकडे उतरणं महाग. हे ज्याला आधी माहीत असतं तो ठरवतो: एका प्रदक्षिणेत एकच दक्षिण. ऑस्ट्रेलिया तरी, नाहीतर ब्राझील तरी. ज्याला माहीत नसतं तो दोन्ही नावं यादीत लिहितो, रक्कम पाहून दचकतो आणि कंपनीला शिव्या घालतो.

आणखी एक गोष्ट या हिशोबात प्रवाशाच्या बाजूची आहे. मैल मोजतात ते दोन शहरांमधल्या ठरलेल्या अंतराचे. विमानानं त्या दिवशी कुठून वळसा घातला, याच्याशी तिकिटाचा संबंध नसतो. २०२२ पासून बहुतेक युरोपीय आणि जपानी कंपन्या रशियावरून उडत नाहीत, युरोप–टोकियो प्रवास तासन्‌तास लांबला आहे. तो वैताग प्रवाशाला भोगावा लागतो, पण वळशाचे मैल त्याच्या कोट्यातून कापले जात नाहीत.

खंडांवर चालणाऱ्या वनवर्ल्डच्या तिकिटात वेगळी डोळसता लागते, कारण तिथला भूगोल शाळेतला नाही. कैरो आफ्रिकेत आहे हे पाचवीतलं पोर सांगेल. या तिकिटात इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया हे ‘युरोप-मध्यपूर्व’ नावाच्या खंडात मोडतात. ताश्कंद आणि अल्माटी आशियात, दोहा युरोपच्या जोडीला. परिणाम काय होतो पाहा. मुंबईहून दोहामार्गे लंडनला जाणाऱ्याला दोहाचा वेगळा खंड लागत नाही, आणि पिरॅमिड पाहायला आफ्रिकेचे पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र दोहामार्गे जोहान्सबर्गला गेलात तर युरोप-मध्यपूर्व आणि आफ्रिका असे दोन खंड मोजले जातात, दोहाला तुम्ही विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नसलं तरी. एकच विमानतळ एका मार्गावर फुकटात पडतो आणि दुसऱ्या मार्गावर एका खंडाएवढा महाग. हे अन्यायकारक वाटत असेल तर वाटो. पण हे लपवलेलं नाही, छापलेलं आहे, आणि ते वाचणाऱ्याला याचा फायदा उठवता येतो.

इथे दोन गोष्टी मात्र विरोधकांना देऊन टाकतो. स्टारच्या तिकिटात तुम्ही जमिनीवरून केलेला मधला टप्पाही मैलांत धरतात. लिमाला उतरून बसनं, रेल्वेनं, वाटेल तसं साओ पावलोला गेलात आणि तिथून विमान धरलंत, तर मधलं अंतर तुमच्या खात्यावर. वनवर्ल्डमध्ये मैल नसले तरी सोळांतला एक टप्पा जातो. न उडलेल्या मैलांचे पैसे घेण्याची वकिली मला जमणार नाही. दुसरी गोष्ट नियमांच्या भाषेची. ते लिहिणाऱ्याला वाचक आवडत नसावा. सगळं संक्षेपांत, अपवादाला अपवाद जोडलेला, आणि ज्याची गरज असते ते कलम सगळ्यात शेवटी. आयकराची परिपत्रकं वाचायची सवय असलेल्याला घरच्यासारखं वाटेल, इतरांना नाही. पण भाषा वाईट आहे म्हणून नियम वाईट ठरत नाही.

आता एकेरी तिकिटांच्या स्वातंत्र्याकडे वळू, कारण मूळ भांडण तिथे आहे.

हिशोबापुरतं बोलायचं तर विरोधक काही ठिकाणी बरोबर आहेत. इकॉनॉमीत तीनच शहरं पाहायची असतील, वेळ दोन-तीन आठवडेच असेल, तर सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात आणि प्रदक्षिणेचं तिकीट काढणं ही हौसच ठरते. फायदा सुरू होतो तो लांब टप्पे, चार-पाच खंड आणि वरचा वर्ग असेल तेव्हा. पण मी पैशांपुरता वाद घालत नाही. ‘मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे’ हा जो सल्ला आहे तो लिहिला कुणी? तो जर्मन, ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन प्रवाशांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिला, आणि त्यांच्यापुरता तो खरा आहे. त्यांना सकाळी बँकॉकमध्ये उठून टोकियोला जावंसं वाटलं तर जाता येतं. तो सल्ला मराठीत जसाच्या तसा सांगणारे विसरतात की आपल्याला टोकियोला जावंसं वाटून चालत नाही, टोकियोला आपण यावंसं वाटावं लागतं.

विमान कंपन्यांच्या नियमांहून आपल्या मार्गावर खरी हुकमत चालते ती वकिलातींची. पॅसिफिक आणि अटलांटिक दोन्ही ओलांडायचे तर अमेरिका खंडातून जावंच लागतं. अमेरिकेत विमानतळावर नुसतं विमान बदलण्याची सोय नाही. दोन तास थांबायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. कॅनडातून नुसतं पुढे जायचं असलं तरी भारतीयाला साधारणपणे व्हिसा हवाच. म्हणजे या दोहोंपैकी एकाचाही व्हिसा नसेल तर उत्तरेकडचा नेहमीचा वेढा बंद. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि तो साधारणपणे राहत्या देशातूनच करावा लागतो. जपानचा नेहमीचा पर्यटन व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो. अमेरिकेचा मात्र आपल्याकडे बहुधा दहा वर्षांचा मिळतो.

हे तिन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवले की मार्ग आपोआप आकार घेतो. ज्या व्हिसाची मुदत सगळ्यात कमी तो देश आधी, जो व्हिसा दीर्घ मुदतीचा तो मध्ये. मुंबईहून पूर्वेला निघायचं, सिंगापूर करून तीन महिन्यांच्या आत टोकियो गाठायचं, मग पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत निवांत रेंगाळायचं, आणि शेंगेनचा सहा महिन्यांचा हिशोब सांभाळून युरोपातून घरी. उलट, पश्चिमेला निघालात आणि जपान नवव्या महिन्यात ठेवलंत, तर तो व्हिसा मुंबईतून निघताना हातात असणं शक्यच नाही. पूर्व की पश्चिम हा प्रश्न गोऱ्या प्रवाशाला हवामान आणि झोपेचा वाटतो. आपल्याला तो मुदतीचा असतो. पूर्वी काढलेले शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर एप्रिल २०२४ पासून भारतीयांना दोन आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची वाट खुली झाली आहे. तसा व्हिसा असलेल्याला हा जाच कमी होतो. या तरतुदी बदलत असतात, निघण्याआधी त्या पुन्हा पाहायला हव्यात. पण बदलल्या तरी मार्गावर त्यांचाच वरचष्मा राहतो.

आता प्रदक्षिणेच्या तिकिटाचा स्वभाव पाहा. त्यात मार्ग पक्का असतो. शहर बदलायचं म्हटलं की शुल्क भरा, भाड्याचा हिशोब पुन्हा करा. पण त्याच मार्गावर तारीख बदलायची असेल, तर त्या भाड्याच्या वर्गात जागा असेपर्यंत ती साधारणपणे शुल्काशिवाय बदलून मिळते. किंबहुना ती सोय असल्याशिवाय हे तिकीट चाललंच नसतं, कारण विमानांच्या जागा साधारण अकरा महिने आधीपर्यंतच खुल्या होतात. वर्षभराच्या प्रवासातल्या शेवटच्या टप्प्यांना आज खरी तारीख देताच येत नाही. तात्पुरती टाकायची आणि पुढे सरकवायची.

देश ठरलेले, तारखा लवचिक. भारतीयाच्या हातातल्या व्हिशांचा आकारही नेमका हाच असतो. कुठे जायचं ते महिनोन्‌महिने आधी कागदावर लिहून दिलेलं, आणि कधी जायचं त्याला मुदतीच्या आत थोडी मोकळीक. एकेरी तिकिटांचं स्वातंत्र्य याच्या बरोबर उलटं आहे. ते देश बदलण्याचं स्वातंत्र्य देतं, जे आपल्याला वापरता येत नाही, आणि तारीख बदलण्याचं काढून घेतं, जे आपल्याला रोज लागतं. स्वस्त एकेरी तिकिटाची तारीख बदलायची म्हटली की बरेचदा नवं तिकीट काढल्यासारखाच खर्च येतो. आणि हे वाचाळ स्वातंत्र्य वकिलातीच्या खिडकीपाशी तर अगदीच मुकं होतं. तिथे परतीचा मार्ग, पुढचं तिकीट, कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार हे विचारतात. व्हिसा मिळाल्यावरही कित्येक देशांच्या विमानात बसताना काउंटरवरचा कर्मचारी पुढच्या प्रवासाचं तिकीट मागतो. एकाच तिकिटावर मुंबईपासून मुंबईपर्यंतचे सगळे टप्पे छापलेले असले, की या प्रश्नाला कागद पुढे करण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

शिवाय चुकलेल्या विमानाचा प्रश्न आहेच. दोन सुटी तिकिटं असताना पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. एकाच तिकिटावरची जोड चुकली, तर तुम्हाला पुढे पोचवण्याची जबाबदारी त्यांची. व्हिसाचे दिवस मोजून मिळालेल्या माणसाला यातला फरक सांगावा लागू नये.

शेवटी एक मवाळ विरोधक उरतो. तो म्हणतो, नियम ठीक असतील, पण ते आपण कशाला समजून घ्यायचे? एजंट आहे, कंपनीचा संगणक आहे, बसत नसेल तर तो लाल रंगात ‘चालणार नाही’ म्हणून सांगतो. हे खरं आहे. पण संगणक नाही म्हणतो तेव्हा काय केलं असतं तर हो म्हणाला असता, हे तो सांगत नाही. एजंट तुम्ही दिलेल्या शहरांची यादी तिकिटात बसवून देईल, यादीच चुकीची आहे हे सांगणं त्याचं काम नाही. इस्तंबूलला चोवीस तासांच्या आत पुढचं विमान धरलं तर तो मुक्काम न ठरता नुसतं विमान बदलणं ठरतं आणि पंधरांतला एक मुक्काम वाचतो, म्हणजे तेवीस तासांत आया सोफियाही पाहून होते. हे त्याला तुम्ही विचारावं लागतं. लंडनला मुक्काम करून तिथूनच न्यूयॉर्कचं विमान धरण्याऐवजी रेल्वेनं पॅरिसला जाऊन तिथून निघालात, तर ब्रिटनचा लांब पल्ल्याच्या प्रवासावरचा हवाई कर टळतो, पण जमिनीवरचा एक टप्पा खर्ची पडतो. सोळांतले किती उरलेत, पॅरिसहून निघतानाचा कर किती, आणि वरच्या वर्गाला ब्रिटनचा कर किती जास्त, हे पाहून त्यातलं कुठलं परवडतं ते ठरवायचं तुम्हीच.

आणि टप्पे क्रमानंच वापरावे लागतात, हे तर तुमच्याशिवाय कुणीच लक्षात ठेवणार नाही. पॅरिसला पोचल्यावर एखाद्याला वाटलं की फ्रँकफर्टचं विमान सोडून द्यावं, रेल्वेनं जावं, ऱ्हाईन नदी बघावी. वाटू दे. निघण्याआधी कंपनीला कळवून तो टप्पा जमिनीवरचा करून घेतला, तर थोडं शुल्क आणि एक फोन, बाकी तिकीट जिवंत. न कळवता नुसतं गेलाच नाही, तर न आलेला प्रवासी म्हणून त्याचे पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. फ्रँकफर्टच्या काउंटरवर त्याला कळतं की न्यूयॉर्क नाही, सॅन फ्रान्सिस्को नाही, टोकियो नाही, सिंगापूर नाही. मुंबईही नाही.